कलम चौदाची पक्की प्रत

रविवार, १ फेब्रुवारी

देवाचं नाव घेऊन लिहायला बसले आहे. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून वही उलटी धरली. पुढून घरखर्च, मागून हे.

आज आमच्या बिल्डिंगची सभा झाली आणि मी सेक्रेटरी झाले. झाले कशी, तर सोळा फ्लॅटमधलं कुणीच हो म्हणेना आणि मी तेव्हा सतरंजीची घडी घालायला उभी राहिले होते. उभं राहिलेलं माणूस एवढंच दिसलं. अध्यक्ष म्हणाले, "वहिनींचं अक्षर मोत्यासारखं आहे. त्यांनाच करा."

मी म्हटलं, "माझं शिक्षण मॅट्रिक. त्यात इंग्रजीत काठावर पास."

"काठावर पास झालेली माणसंच जपून लिहितात," अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण आपली सुटका झाली.

अध्यक्ष कोर्टात हेडक्लार्क होते, आता रिटायर आहेत. माघारी सगळे त्यांना 'पोटकलम' म्हणतात, कारण ते चहासुद्धा 'एक, साखर कमी. दोन, दूध वेगळं' असा मागतात. मी म्हणत नाही. वयाचा मान आहे.

काम असं आहे की बिल्डिंगसाठी नवे नियम करायचे. नोंदणी कचेरीत ते इंग्रजीत द्यावे लागतात. अध्यक्ष मजकूर सांगणार, मी पक्की प्रत लिहिणार.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे वॉटरवर्क्सच्या पंपहाऊसवर आहेत. दिवसभर मोटारीच्या आवाजात राहून घरात एक-दोन शब्दांवर भागवतात. म्हणाले, "बरं." वन्सं म्हणाल्या, "सेक्रेटरीबाई, आता आमच्याशी बोलायला आधी नोटीस काढणार का?" वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. हॉस्पिटलात नर्स होत्या, लग्न केलं नाही. अकरा वर्षांपूर्वी रिटायर झाल्या तेव्हापासून आमच्या लहान खोलीत आहेत. त्यांचं बोलणं टाके घातल्यासारखं असतं. मोजकं, आणि दोन दिवस ठणकतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

रद्दीवाल्याकडून इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणली. सुरुवातीची पानं फाटली आहेत, पुस्तक थेट 'सी'पासून सुरू होतं, म्हणून निम्म्याहून कमी किमतीत दिली. ए आणि बी अशी दोनच अक्षरं गेली. सव्वीसातली चोवीस हातात आहेत, तेवढ्यावर भागेल.

दुपारी अध्यक्षांकडे पहिला धडा. ड्राफ्ट म्हणजे कच्चा मसुदा. क्लॉज म्हणजे कलम. कोरम म्हणजे सभेला निदान किती माणसं हवीत तो आकडा. प्रपोज म्हणजे मांडणे, सेकंड म्हणजे त्याला दुजोरा देणे. मला वाटलं सेकंड म्हणजे दुसरा नंबर आलेला. तर तसं नाही. पहिल्याला जो खरा करतो तो सेकंड.

अध्यक्षांच्या मिसेस मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मुलीची चौकशी केली. मी सांगितलं, एप्रिलमध्ये तारीख आहे, पहिलं बाळंतपण, माहेरी येणार. मग बोलता बोलता निघून गेलं की जागेची अडचण आहे. लहान खोली वन्संकडे, बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं, आता बाळंतीण आणि बाळ कुठे ठेवू? वन्संना म्हणायची सोय नाही. वाईटपणा कोण घेणार? अध्यक्ष ऐकत होते. म्हणाले, "साहजिक आहे." आणि पॅडच्या कडेला काहीतरी लिहून ठेवलं. मुलीची तारीख असेल. मोठा माणूस, पण किती लक्ष.

घरी आले तर वन्सं माझ्या पायांसाठी पाणी गरम करून बसलेल्या. जिना चढले की माझे घोटे सुजतात. मला उगीचच चोरी केल्यासारखं वाटलं. काय चोरलं म्हणाल तर काहीच नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज पहिला नियम पास झाला. तो सभेबद्दलचाच आहे. म्हणजे नियम करण्याचा नियम. हे मला आधी कळलंच नाही. भांडं घासायच्या आधी घासणी घासायची, तसं काहीसं.

नियम असा: सभेत सुरुवातीपासून अध्यक्ष निकाल सांगेपर्यंत अकरा सभासद बसलेले पाहिजेत. मधे एक जरी कमी झाला तरी विषय तिथेच मोडला, आणि मोडलेला विषय वर्षभर पुन्हा आणता येणार नाही. लोक क्रिकेटची मॅच असली की अर्ध्यातून उठून जातात, म्हणून अध्यक्षांनी इतका कडक केला.

पहिल्या मजल्यावरचे केमिस्ट म्हणाले, "आणि कुणाला अर्ध्यात मोशन आली तर? औषध माझ्याकडे आहे, पण पोचायला वेळ लागतो."

अध्यक्ष म्हणाले, "मोशन म्हणजे सभेपुढचा प्रस्ताव. चेष्टा नको."

सगळे हसले. मी इतिवृत्तात लिहिलं नाही.

मी उठून विचारलं, "दिवेलागणीच्या आत संपेल ना सभा दर वेळी? माझा देवापुढचा दिवा असतो." सत्तावीस वर्षांत माझा दिवा चुकलेला नाही, हे बिल्डिंगला माहीत आहे. अध्यक्ष म्हणाले, "चारला सुरू करू. दिव्याला बाध येणार नाही." तेही लिहिलं नाही. आता वाटतं, लिहायला हवं होतं का?

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

तीन दिवस पक्की प्रत लिहिते आहे. नॉटविथस्टँडिंग असा एक शब्द आला. नॉट येतो, विथ येतो, स्टँडिंग येतो. तिन्ही ओळखीचे, एकत्र आल्यावर ओळख दाखवत नाहीत. डिक्शनरीत 'असे असले तरी' असं आहे. मग तीन शब्द कशाला जोडले देव जाणे. अध्यक्ष म्हणतात, कायदा असाच लिहायचा असतो, घाईने वाचणाऱ्याला कळता कामा नये.

कलम दोनमध्ये शब्दांचे अर्थ दिले आहेत. 'फॅमिली म्हणजे सभासद, त्याचा स्पाउज, मुलं आणि आईवडील.' स्पाउज पाहिला, नवरा किंवा बायको. एकाच शब्दात दोघं, काटकसर आहे. मी अध्यक्षांना विचारलं, "फॅमिली तर आम्हाला तिसरीत शिकवली होती. तिचा अर्थ पुन्हा कशाला सांगायचा?" ते म्हणाले, "बाहेर काहीही असो. या कागदात शब्दाचा अर्थ आपण ठरवू तोच."

हे ऐकून जरा गरगरलं. शब्द आधी असतो आणि आपण त्याचा अर्थ शोधतो, अशी माझी समजूत होती.

कलम चौदा लांबलचक आहे. 'सभासद आणि त्याची फॅमिली यांच्याखेरीज कोणीही व्यक्ती तीस दिवसांहून अधिक काळ फ्लॅटमध्ये राहणार नाही.' हे त्या चार मुलांसाठी आहे. अध्यक्षांच्या डोक्यावरच्या फ्लॅटचा मालक परगावी असतो, त्याने भाड्याने मुलं ठेवली आहेत. ती पहाटेपर्यंत खुर्च्या ओढतात. अध्यक्षांचे डोळे बघवत नाहीत. बरं झालं, एकदाचा बंदोबस्त होईल.

प्रत जेवणाच्या टेबलावर वाळत ठेवली. शाई अजून ओली आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

काल सोळाच्या सोळा दारांत प्रतीच्या झेरॉक्स आणि १ मार्चच्या सभेची नोटीस टाकून आले. नोटीसही माझ्याच अक्षरात. खाली एक ओळ आहे, 'अमेंडमेंट असल्यास सात दिवस आधी लेखी.' अमेंडमेंट 'ए'मध्ये येत असणार. अध्यक्षांना विचारायचं राहिलं. असेल काही निवेदन वगैरे.

आज मूळ प्रत चाळताना एक गंमत दिसली. कलम दोनमध्ये 'पेरेंट्स'चं स्पेलिंग मी चुकवलं होतं. कुणीतरी बारीक पेन्सिलीने 'ए' खोडून 'ई' केला आहे. अध्यक्षांना म्हटलं, "तुम्ही दुरुस्त केलंत, उपकार झाले."

ते म्हणाले, "मी पेन्सिल वापरत नाही. पेन्सिल खोडता येते."

मग कोण? यांना इंग्रजीत पंपाच्या मीटरपलीकडे काही वाचायची हौस नाही. नवल आहे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

वन्संना काय झालंय कळत नाही. परवा त्यांनी त्यांचं भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेरच्या खोलीत लावलं. हॉस्पिटलातून निरोप देताना मिळालेलं, मोठ्या आकड्यांचं. म्हणाल्या, "तुला लांबून दिसत नाही. राहू दे इथे."

"आणि तुम्हाला?"

"मला आता कुठे ड्युटीवर जायचंय."

काल औषधांचा डबा माझ्या ताब्यात दिला. कोणती गोळी कशाची, झाकणांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवून. सकाळी हॉस्पिटलच्या जुन्या नर्सेसच्या वसतिगृहावर जाऊन आल्या. मैत्रिणीला भेटायला गेले होते म्हणाल्या. दोन मजले चढून आल्यावर पाणीसुद्धा मागितलं नाही.

मनात आलं, वन्संना विरक्ती आली असेल. वयाप्रमाणे येते. माझ्या जपाचा गुण असेल म्हणून मी जरा सुखावलेसुद्धा.

रविवार, २२ फेब्रुवारी

आधी लिहून काढते, मग जेवायला बसते.

संध्याकाळी नवी खतावणी घ्यायला अध्यक्षांकडे गेले होते. निघताना ते दारापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, पुढच्या रविवारी कलम चौदा पास झालं की तुमचाही प्रश्न सुटेल."

"माझा कोणता?"

"खोलीचा. तुमच्या नणंदबाई फॅमिलीत बसत नाहीत. आईवडील घातलेत, बहीणभाऊ घातलेले नाहीत. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, वाईटपणा कोण घेणार. कायदाच आहे म्हटल्यावर तुमच्याकडे वाईटपणा येत नाही. तीस दिवस मिळतील. एप्रिलच्या आत खोली मोकळी."

ते प्रेमाने बोलत होते. खरंच प्रेमाने. मी "बरं" म्हटलं आणि जिना चढले. पहिल्या मजल्यावर जरा बसले.

म्हणजे त्या दिवशी पॅडच्या कडेला मुलीची तारीख लिहिली नव्हती. माझंच रडगाणं त्यांनी इंग्रजीत घातलं, आणि मी ते तीन दिवस बसून सुंदर अक्षरात लिहिलं. शब्द न् शब्द डिक्शनरीत पाहिला होता. स्पाउज पाहिला, पर्सन पाहिला, एक्सीडिंग पाहिला. सगळ्यांचे अर्थ वहीत आहेत. आमच्या घरात कोण कोण राहतं ते तेवढं पाहिलं नाही.

आणखी एक लिहून ठेवते, देवापासून काय लपवायचं. जिन्यात बसले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते 'खोली मोकळी होईल' हेच. दुसऱ्यांदा वन्सं आल्या. सेकंड.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सकाळीच अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, "फॅमिलीत बहीण घाला."

"का? तुम्हीच तर..."

"मी बोलले होते. मागितलं नव्हतं."

त्यांनी चष्मा पुसला. "वहिनी, आता तसं करता येत नाही. लोकांच्या हातात प्रत गेली. आता बदल म्हणजे अमेंडमेंट. ती सात दिवस आधी लेखी द्यायची असते. मुदत काल संपली. नोटिशीत आहे, तुमच्याच अक्षरात."

अमेंडमेंट म्हणजे दुरुस्ती. सहा दिवस आधी कळलं. स्वस्तात मिळालेल्या डिक्शनरीत नव्हतं म्हणून, आणि विचारायची लाज वाटली म्हणून. घरातच एक बाई तीस वर्षं इंग्रजीत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचत आलेली, तिलाही विचारलं नाही. हसतील म्हणून.

"मग मी विरुद्ध मत देते," म्हटलं.

"अवश्य द्या. तुमचा हक्क आहे. पण सोळांतले बहुतेक जण त्या मुलांना विटले आहेत. एकटी तुम्ही दिलंत तर एवढंच होईल की नणंदबाई जातील आणि वर नियम मोडणारं घर म्हणून तुमचं नाव होईल. शांतपणे विचार करा. कायदा कुणा एकासाठी नसतो."

हा तर माझ्यासाठीच होता. पण ते मला त्यांना इंग्रजीत किंवा मराठीत सांगता आलं नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

यांना सांगितलं. तीन दिवस शब्द जुळवत होते. जेवण झाल्यावर, वन्सं खाली फिरायला गेल्या असताना, सगळं सांगितलं. मी काय बोलले होते तेसुद्धा.

यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "ताईला कळलंय?"

"नाही. कसं कळेल?"

"हं."

मग त्यांनी सभेसाठी द्यायच्या अधिकारपत्रावर सही केली. फ्लॅट यांच्या नावावर, रविवारी यांची ड्युटी, म्हणून आमचं मत मीच द्यायचं. म्हटलं, "काय देऊ?"

"तुला कळतं ते दे."

"मला काहीच कळत नाहीये, तेच तर सांगतेय तुम्हाला."

हे उठले आणि रात्रीचा डबा न घेताच ड्युटीवर गेले. मी खिडकीतून हाक मारली. वळून पाहिलं, हात हलवला, परत आले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

मुलीचा फोन आला. "आई, आत्याला सांग, मला तिच्या हातचं मालीश पाहिजे. इथल्या डॉक्टरीणबाई नुसत्या गोळ्या देतात." मी हो म्हटलं. काय हो म्हटलं?

वन्संची ट्रंक पलंगाखालून बाहेर आली आहे. विचारलं तर म्हणाल्या, "कपड्यांना ऊन दाखवतेय." ऊन खिडकीत होतं आणि ट्रंक दाराशी.

देवापुढे बसून विचारलं, काय करू. एकदा वाटलं, वन्संना सगळं सांगून मोकळं व्हावं. मग वाटलं, सांगून काय करू, मत तर उद्या मोजायचंच आहे, आणि मोजणारी मी. मग वाटलं, बाळंतीण आणि बाळ खरंच कुठे ठेवू? तिन्ही वाटतं आणि तिन्ही खरं वाटतं. जपाची माळ दोनदा मधेच चुकली. पुन्हा पहिल्यापासून केली.

रविवार, १ मार्च

क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच नंतर खरं वाटायचं नाही.

चारला खाली निघाले. वन्सं दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सभा लांबली तर जीव टांगणीला लावू नकोस. दिवा मी लावीन." त्या स्वतः देवाचं फारसं करत नाहीत, पण मी नसले की दिव्याची वेळ चुकवत नाहीत. मी "हो" म्हटलं. हे इथे नीट लिहून ठेवते, की मी हो म्हटलं.

खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. साडेपाचपर्यंत दहाच जण. शेवटी अध्यक्ष स्वतः जाऊन चौथ्या मजल्यावरच्या शिंप्यांना झोपेतून उठवून घेऊन आले. अकरा झाले. मी दोनदा मोजले, पैसे मोजते तसे, बोट लावून.

पाणी, कचरा, जिन्यातले दिवे, सगळी कलमं वाचून झाली. चौदावं आलं तेव्हा अंधारून यायला लागलं होतं. अध्यक्षांनी वाचलं, शिंप्यांनी दुजोरा दिला. ते अजून जांभया देत होते. केमिस्ट म्हणाले, "माझा मेहुणा सहा महिने येऊन राहतो, त्याला हे लागू का?" अध्यक्ष म्हणाले, "लागू." केमिस्ट म्हणाले, "मग मला थोडा विचार करू द्या, चांगलाच नियम वाटतोय." हशा झाला.

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करा. सेक्रेटरी, मोजा."

मी उभी राहिले. एक, दोन, तीन. अध्यक्षांचा चौथा. शिंप्यांचा पाचवा. केमिस्टांचा हात कानापर्यंत आला, मेहुण्याची आठवण झाली असेल, आणि वर गेला. सहा. अकरांतले सहा म्हणजे झालंच. माझा हात वर झाला काय, न झाला काय. विरुद्ध मत दिलं असतं तर पाच-सहा अशी नोंद माझ्याच अक्षरात झाली असती आणि तीस दिवस आजपासून सुरू.

कागदावर आकडा लिहायला पेन टेकवलं. वर आमच्या खिडकीकडे लक्ष गेलं. आणि मी पेन खाली ठेवून म्हटलं, "दिवेलागण झाली. मला जायला हवं."

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, एक मिनिट. आकडा सांगा आणि मग जा."

"सत्तावीस वर्षांत माझा दिवा चुकलेला नाही."

"मान्य. पण एकच मिनिट."

"तुम्हीच म्हणाला होता, दिव्याला बाध येणार नाही."

"वहिनी, बसा." या वेळी आवाज कोर्टातला होता.

मी बसले नाही. पदर सावरला आणि जिन्याकडे निघाले. पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग केमिस्ट म्हणाले, "पोटकलमसाहेब, दहा राहिले. निकाल अजून सांगितला नाहीत तुम्ही." कुणी हसलं नाही. मग कागदांची सळसळ, अध्यक्ष स्वतःचाच नियम वाचत असणार. मग शिंपी म्हणाले, "म्हणजे मोडलं? मग मला उठवलं कशाला?"

मी वळून पाहिलं नाही. घोटे दुखत होते, तरी कुठेही बसले नाही.

वर आले. दिवा लागलेला होता. वात सरळ, तेल काठोकाठ. वन्सं ट्रंकेवर बसल्या होत्या, मांडीवर हॉस्पिटलची जुनी शाल. म्हणाल्या, "संपली इतक्यात?"

"मोडली."

"कोणी मोडली?"

"मी उठून आले. दिवा लावायचा म्हणून."

त्यांनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "चौदावं?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तू टेबलावर वाळत ठेवलं होतंस. तुझं अक्षर लांबूनही वाचता येतं." मग शालीची घडी घालत, "मला वाटलं, तुला तोंडाने म्हणता येईना म्हणून लिहून ठेवलंयस. वसतिगृहात एक खाट मिळत होती. उद्या जाणार होते. तुला बोलायला लागू नये."

पेन्सिल कुणाची ते आता कळलं. मला घरातून काढायचं लिहिलेला कागद कुणी माझ्यापुढे ठेवला असता, तर मी त्यातलं स्पेलिंग नीट केलं असतं का? मला नाही वाटत.

मी त्यांना काय काय सांगितलं ते आठवत नाही. रडले, एवढं आठवतं. खोलीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाळंतीण आणि नर्स एका खोलीत राहिल्या तर त्याला हॉस्पिटल म्हणतात. यात अडचण कसली? विचारायचं होतंस."

"वाईटपणा..."

"विचारण्यात कसला वाईटपणा? मी नाही म्हटलं असतं तर तो माझा."

फेब्रुवारीच्या तीन तारखेपासून इतके शब्द पाठ केले, त्यात हा एक प्रश्न विचारायचा सुचला नाही.

मंगळवार, ३ मार्च

अध्यक्ष जिन्यात भेटले. मान हलवली आणि पुढे गेले. वरच्या मुलांनी काल पुन्हा खुर्च्या ओढल्या म्हणतात. त्यांचं वाईट वाटलं. त्यांनी मनापासून सगळं केलं, एक वर्ष गेलं. यांनी ट्रंक पलंगाखाली ढकलली आणि जेवायला बसले. दोन घास जास्त जेवले.

आज इतिवृत्त इंग्रजीत लिहायचं होतं. वन्संना विचारलं. त्या पेन्सिल घेऊन शेजारी बसल्या. विषय मोडला याला लॅप्स म्हणतात. 'एल'मध्ये आहे, मी पाहिलं. रद्द केला असं नाही, नामंजूर असंही नाही. हातून निसटला, असं काहीसं. मी विचारलं, "हातून निसटला की सोडला, याला वेगळा शब्द नाही?"

"कायद्यात नाही," वन्सं म्हणाल्या. "कारण काय लिहितेस?"

मी लिहिलं होतं ते पुढे सरकवलं. 'सेक्रेटरी दिवा लावण्यासाठी सभेतून गेल्या.'

त्यांनी वाचलं. म्हणाल्या, "दिवा मी लावला होता."

"हो."

"तुला आधी सांगून लावला होता."

"हो."

आता याला खोटं म्हणायचं का, ते मला दोन दिवस उलगडत नाहीये. माझा दिवा चुकला नाही हे खरं. मी दिव्यासाठी उठले हे... ते देवाला माहीत. कचेरीत जाणाऱ्या कागदावर देवाच्या नावाने लिहावं की नाही हे कुणाला विचारायचं, अध्यक्षांना तर विचारता येत नाही.

वन्संनी पेन्सिल ओळीखालून शेवटपर्यंत नेली. कुठेच टेकवली नाही.

"लॅम्पचं स्पेलिंग बरोबर आहे," म्हणाल्या, आणि पेन्सिल कानामागे खोचून चहा टाकायला उठल्या.